समूहगानासाठी माईक: निवड, मांडणी आणि भाड्याने देण्याची रीत

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लागला की माझ्या फोनवर एकच मागणी सुरू होते. "दादा, आमच्या गायनमंडळात तीस जण आहेत, दहा माईक तरी लागतील ना?" वसई पट्ट्यात नाताळ म्हणजे मराठी समूहगानाचा हंगाम. चर्चच्या प्रत्येक धर्मग्रामाचं (पॅरिशचं) आपलं गायनमंडळ असतं, दोन-दोन महिने तालमी चालतात. ते संपतं न संपतं तोच शाळांची स्नेहसंमेलनं आणि २६ जानेवारीची समूहगीतं येतात. मी या सगळ्यांना माईक भाड्याने देतो. त्या फोनला माझं उत्तर जवळजवळ नेहमी सारखंच असतं: दहा नाही, तीन. पण ते तीन वेगळ्या जातीचे, उंच स्टँडवर, आणि सोबत दोन तास मी किंवा माझा माणूस.

हे शहाणपण मला एका वाईट संध्याकाळी मिळालं. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी मागितले तेवढे माईक देत असे. अठ्ठावीस गायक होते, मी हातात धरायचे बारा माईक दिले. ज्यांच्या तोंडाजवळ माईक आला त्यांचेच आवाज बाहेर पडले, बाकीचे विरून गेले. आवाज थोडा वाढवला की शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी किंकाळी. चार सुरांत बसवलेलं गाणं लोकांना तिघाचौघांच्या आरोळीसारखं ऐकू आलं. गाणं बसवणाऱ्या बाई कार्यक्रमानंतर काही बोलल्या नाहीत, नुसत्या वह्या गोळा करत राहिल्या. ते मला अजून लागतं. त्या संध्याकाळपासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे: समूह हे एकच वाद्य आहे, आणि माईक त्या वाद्याला लावायचा, माणसांना नाही.

ज्यांना हा धंदा करायचा आहे, किंवा ज्यांच्याकडे दोन-चार माईक आहेत आणि ते गायनमंडळांना द्यायचे आहेत, त्यांच्यासाठी माझी रीत सविस्तर लिहितो. माईक भाड्याने घेणाऱ्यांनीही वाचावं, म्हणजे काय मागायचं ते कळेल.

आधी विचारा, मग दर सांगा

फोनवर मी पाच-सहा गोष्टी विचारतो आणि वहीत लिहून घेतो. गायक किती? किती रांगांत उभे राहणार, आणि मागची रांग पायऱ्यांवर की सपाट जमिनीवर? पेटी, तबला, कीबोर्ड, गिटार यांतलं काय सोबत आहे? एकट्याने म्हणायच्या ओळी आहेत का? जागा बंदिस्त की उघडी? पंखे आहेत का? मिक्सर कोणाचा, आणि त्यावर ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं (केबलमधूनच माईकला वीज पुरवणारं) बटण आहे का? कार्यक्रम लोकांना ऐकवायचा आहे, की नुसतं रेकॉर्डिंग हवं आहे?

शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा सगळा बेत बदलतो. दगडी भिंतींचं उंच छताचं चर्च असेल, गायक चाळीस असतील आणि माणसं आतच बसणार असतील, तर आवाज वाढवायची गरजच नसते. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचं टाटा थिएटर १९८० साली सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची, आणि गाणं माईकविना शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं हाच त्यामागचा विचार होता. आपल्या गावातली जुनी चर्चसुद्धा अशा वेळच्या गाण्यासाठीच उभी राहिली जेव्हा माईक नव्हते. तिथे मी रेकॉर्डिंगसाठी दोन माईकांची जोडी देतो, एकट्याने गाणाऱ्यासाठी एक, आणि बाकीच्याचं भाडं घेत नाही. गिऱ्हाईक कमी पैशांत सुटतं आणि पुढच्या वर्षी परत येतं.

कोणता माईक

आपल्याकडे माईक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जाळीच्या गोळ्याचा, हातात धरायचा डायनॅमिक माईक. शुअर कंपनीचा एसएम५८ हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा, १९६६ पासून बाजारात आहे. तो उत्तम माईक आहे, पण ओठांपासून दोन-चार इंचांवर धरण्यासाठी. माईक चार इंचांवरून तीन फुटांवर नेला की अंतर नऊपट होतं आणि पोचणारा आवाज सुमारे १९ डेसिबलने घसरतो. ती घट भरून काढायला गेन (मिक्सरवर माईकचा आवाज वाढवायची कळ) चढवला की शिट्टी सुरू होते.

समूहासाठी हवा कंडेन्सर माईक, आणि त्यातही पेनासारखा बारीक, लहान पडद्याचा (पडदा म्हणजे आवाजाने थरथरणारा आतला पातळ पापुद्रा). त्याचा पडदा हलका असतो, दुरून आलेला नाजूक आवाजही तो पकडतो. फरक आकड्यांत सांगायचा तर ९४ डेसिबलच्या आवाजाला एसएम५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर रोड कंपनीचा एनटी५ सुमारे १२ मिलिव्होल्ट. म्हणजे सहापटीहून जास्त. दुसरा गुण याहून मोलाचा वाटतो मला: लहान पडद्याच्या माईकमध्ये कडेने आलेला आवाजही फारसा बदलत नाही. समूहात सगळेच काही माईकच्या नाकासमोर उभे नसतात, म्हणून हे महत्त्वाचं. स्टुडिओतले मोठ्या पडद्याचे माईक दिसायला भारदस्त, पण बाजूच्या आवाजाचा पोत ते बदलतात, वजनाने स्टँड वाकवतात आणि गायकांचे चेहरे झाकतात. समूहासाठी मी ते देत नाही.

दिशा कोणती? कार्डिऑइड. हा माईक समोरचं ऐकतो, बाजूचं कमी ऐकतो आणि बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी. स्पीकर त्याच्या पाठीकडे ठेवता आला की अर्धी लढाई जिंकली. सुपरकार्डिऑइड आणखी अरुंद ऐकतो, पण पाठीमागचा थोडा आवाजही घेतो, शिवाय रांगेच्या टोकाचे गायक त्यातून सुटतात. चारी दिशांचं ऐकणारा ओम्नी रेकॉर्डिंगला फार गोड, पण समोर स्पीकर चालू असताना त्याला हात लावू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन, एकाच मॉडेलचे चार माईक घ्या. चार कंपन्यांचे चार माईक लावले तर समूहाच्या चार तुकड्या चार वेगवेगळ्या खोल्यांतून गातायत असं वाटतं. एनटी५ जोडीनेही मिळतो. शुअरचा एसएम८१ जुना आणि दणकट आहे. त्यावर खालचे सूर कापायचं बटण आहे आणि तो ११ ते ५२ व्होल्टपर्यंतच्या फँटमवर चालतो. गावाकडच्या जुन्या मिक्सरमधून पूर्ण ४८ व्होल्ट येतीलच असं नसतं, तेव्हा हा माईक लाज राखतो. नॉयमनचा केएम१८४ आवाजाला फारच सुंदर, पण भाड्याच्या धंद्यात एवढा महाग माईक टेम्पोतून फिरवायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. मी फिरवत नाही. छतावरून टांगायचे बारीक माईकही मिळतात, पण ते एकाच जागी कायमचे बसवायला बरे. रोज उतरवा-चढवा करायला नाहीत.

आणि दोन-तीन एसएम५८ हवेतच: एकट्याने गाणाऱ्यासाठी, निवेदकासाठी, फादरांसाठी. इथे एक सावधगिरी. या माईकच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अस्सल माईक केबल सोडून २९८ ग्रॅम भरतो. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दुकानात ठेवला आहे, विकत घेताना आणि भाड्यावरून परत येताना वजन करतो. प्रत्येक माईकवर जाळीच्या आत आपली बारीक खूण कोरलेली असते. अस्सल गेला आणि नक्कल परत आली, असं माझ्या बाबतीत एकदा झालं आहे. देणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं, कार्यक्रमाच्या गडबडीत कुठेतरी अदलाबदल झाली होती.

किती माईक

पंधरा ते वीस गायकांमागे एक. वीस जण दोन रांगांत दाटीने उभे असतील तर एकसुद्धा पुरतो. तीस-चाळीसांना दोन किंवा तीन, साठांना तीन किंवा चार. याहून जास्त देण्याचा मोह आवरायचा, कारण चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारी आवाजाची मोकळीक ३ डेसिबलने कमी होते. तीनाचे सहा केले, ३ गेले. सहाचे बारा केले, आणखी ३. माझ्या त्या वाईट संध्याकाळी नेमकं हेच झालं होतं: माईक वाढत गेले आणि आवाज कमी कमी होत गेला.

गिऱ्हाईकाला हे पटवणं सोपं नसतं. जास्त माईक म्हणजे जास्त आवाज, हे सगळ्यांच्या मनात घट्ट बसलेलं आहे. एका शाळेच्या सिस्टर ऐकेचनात. शेवटी मी म्हटलं, "सिस्टर, तालमीला दोन्ही लावून दाखवतो, तुमच्या कानांनी ठरवा." आधी आठ लावले, मग तीन. मुलं तीच, गाणं तेच. तीन माईकांवर त्यांनी स्वतःच हात वर केला. तेव्हापासून तालमीची संध्याकाळ मी भाड्यातच धरतो.

माईक कुठे ठेवायचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. महागडा माईक चुकीच्या जागी आणि साधा माईक बरोबर जागी असेल, तर साधाच जिंकतो.

पहिल्या रांगेपासून दोन-तीन फूट पुढे स्टँड उभा करा. माईक पहिल्या रांगेच्या डोक्यांच्या दोन-तीन फूट वर न्या आणि त्याचं तोंड शेवटच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे वळवा. कारण साधं आहे. पहिली रांग माईकच्या जवळ असते, पण ती त्याच्या रोखाच्या खाली पडते, म्हणून तिचा आवाज आपोआप कमी होतो. शेवटची रांग लांब असते, पण ती थेट रोखात येते. दोन्हींची बरोबरी होते. माईक खाली, छातीच्या उंचीवर लावला की पुढचे चार जण मागच्या सगळ्यांना झाकून टाकतात. म्हणूनच मागची रांग पायऱ्यांवर चढवा असं मी आग्रहाने सांगतो. शाळेत बाकं असतात, ती भक्कम असतील तर तीही चालतात, पण मुलांना चढवण्याआधी आपण स्वतः उभं राहून बघावं.

आता दोन माईकांमधलं अंतर. माईकपासून गायक जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकांत हवं. गायक तीन फुटांवर असतील तर माईक एकमेकांपासून नऊ फूट. हे मी नजरेने ठरवत नाही, सुताराकडचा टेप खिशात ठेवतो. अंतर कमी पडलं तर एकाच गायकाचा आवाज दोन माईकांत किंचित मागेपुढे पोचतो, काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं. नवखा माणूस मग मिक्सरवर सूर फिरवत बसतो. दोष मिक्सरमध्ये नसतोच, जमिनीवरच्या मापात असतो. टोकाचे माईक रांगेच्या अगदी शेवटी न लावता थोडे आत घ्या.

कोणी कुठे उभं राहायचं हे मात्र आपलं काम नव्हे. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास (उंच ते खालच्या सुरांचे चार आवाज) या तुकड्या ज्यांनी बसवल्या त्यांनी विचार करून बसवलेल्या असतात. एखादा आवाज फार पुढे येत असेल तर मी गाणं बसवणाऱ्यांना हळूच जाऊन सांगतो, "मॅडम, डावीकडची तिसरी मुलगी मागच्या रांगेत गेली तर चालेल का?" मुलीला परस्पर हलवत नाही. तिला वाटेल आपलं काहीतरी चुकलं, आणि मग ती गाणारच नाही.

वाद्यं समूहाच्या माईकांपासून लांब ठेवा. तबला पहिल्या रांगेच्या पुढे मध्यभागी ठेवायची आपल्याकडे सवय आहे, त्यामुळे समूहाच्या तिन्ही माईकांत तबलाच भरतो. तो बाजूला घ्या, त्याला आणि पेटीला आपापला माईक द्या. कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जुळवून जोडणारा डबा) सरळ मिक्सरमध्ये न्या. गोव्याच्या बाजूचा मांडो गाणारा गट आला तर सोबत व्हायोलिन आणि घुमट (मातीचं, चामडं ताणलेलं तालवाद्य) असतं. घुमटाचा ठोका दमदार असतो, त्याला तर आणखी दूर बसवावं लागतं.

स्पीकर नेहमी माईकांच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. आणि मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, समूहाचा आवाज अजिबात सोडू नका. हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. गायकांना पेटी किंवा कीबोर्ड ऐकू आला पाहिजे, तेवढाच मॉनिटरमधून द्या. एकमेकांना ऐकायचं ते कानांनीच. उघड्या मैदानात भिंती नसल्यामुळे त्यांना आपलाच आवाज हरवल्यासारखा वाटतो. तेव्हा रांगा अर्धगोलात, खांद्याला खांदा लावून उभ्या करायला सांगा. मॉनिटरने जे होत नाही ते त्याने होतं.

जोडणी आणि सुरुवात

कंडेन्सर माईकला फँटम पॉवर लागते, आणि ती दोन्ही टोकांना एक्सएलआर (तीन पिनांचं गोल टोक) असलेल्या केबलमधूनच जाते. एका टोकाला जॅक असलेली केबल मिक्सरला लावली की माईक मुका राहतो, आणि आयोजकाचा फोन येतो, "तुमचे माईक खराब आहेत." या एका कारणाने मला जितके फोन आले तितके दुसऱ्या कशानेही आले नाहीत. आता केबल माझीच जाते, आणि मिक्सरवर फँटम नसेल तर फँटमचा वेगळा डबाही.

क्रम असा: सगळे फेडर (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या कळा) खाली, केबल जोडा, मग फँटम चालू करा, अर्धा मिनिट थांबा, मग हळूहळू गेन. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू, आणि बंद करताना सर्वांत आधी बंद. फँटम चालू असताना माईक उपसला तर स्पीकरमधून जो दणका येतो त्याने लहान मुलं दचकतात आणि स्पीकरही जाऊ शकतो.

प्रत्येक चॅनेलवर खालचे सूर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापा. बास गायकाचा नेहमीचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो, तोही फक्त चार सुरांत गाणाऱ्या मंडळात. शाळेच्या मुलांसाठी १२० हर्ट्झवर कापलं तरी काही बिघडत नाही, उलट पायांचे धपधप आणि पंख्याची घरघर जाते. समूहाच्या सगळ्या चॅनेलांचे फेडर एका रेषेत ठेवा. कॉम्प्रेसर (चढलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र) लावू नका: गाणं हळू होतं आणि चढतं, हीच त्याची कमाई, ती यंत्राने सपाट करू नये. शिट्टी येते तो सूर हेरून तिथे अरुंद काप द्या, दोन-तीन जागी, त्याहून जास्त नको. तरीही शिट्टी येत असेल तर माईक एक फूट जवळ घ्या किंवा स्पीकर पुढे सरकवा.

पंखे, वारा आणि दमट हवा

बाहेरच्या देशांतल्या माहितीपुस्तिकांत ही अडचण फारशी येत नाही, आपल्याला मात्र ती रोजची आहे. कंडेन्सर माईक छताच्या पंख्याखाली आला की सतत गडगड ऐकू येते. आयोजकांना आधीच सांगा, गाण्यापुरते मंचावरचे पंखे बंद राहतील. फोमची टोपी प्रत्येक माईकला हवीच. उघड्यावर, समुद्राकडून वारा येतो तिथे, केसाळ टोपी लागते. उभा पंखा लावायचाच तर त्याची हवा माईकवर येणार नाही असा लावा, माईकच्या रोखात मुळीच नको.

आर्द्रता हा याहून मोठा शत्रू. पडद्यावर ओल बसली की माईक कडकड, तडतड करू लागतो. जून ते सप्टेंबर मी माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की ते स्वयंपाकाला न वापरायच्या वेगळ्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळे करतो. एसी गाडीतून काढलेला माईक लगेच दमट हवेत उघडू नये, पेटीतच अर्धा तास राहू द्यावा. तडतडणारा माईक कोरड्या, किंचित उबदार जागी रात्रभर ठेवला की बहुतेक वेळा सुधारतो. केस सुकवायच्या यंत्राची गरम हवा त्यावर मारू नका.

भाड्याने काय द्यायचं

सुटा कंडेन्सर माईक मी देत नाही. देतो तो संच. चार माईक आणि पाचवा राखीव, क्लिपा, फोमच्या टोप्या, केसाळ टोप्या, चार उंच स्टँड, दहा मीटरच्या सहा केबल आणि वीस मीटरच्या दोन, फँटमचा डबा, स्टँडवर टाकायला वाळूच्या पिशव्या, केबल चिकटवायची कापडी टेप. पुठ्ठ्याच्या खोक्यांची तपकिरी टेप नको, ती फरशीवर आणि केबलवर चिकटा सोडते. आणि क्लिप व स्टँड यांच्यामधलं ते लहानसं पितळी आट्याचं बूच. दोन मापांचे आटे असतात, बूच हरवलं की माईक स्टँडवर बसतच नाही. मी प्रत्येक संचात सहा टाकतो आणि परत येतात चार.

स्टँडबद्दल एक शब्द. साधा बूम स्टँड तीन रांगांच्या, पायऱ्यांवर उभ्या असलेल्या समूहासाठी बुटका पडतो. तीन मीटरपर्यंत जाणारा स्टँड घ्या, आणि तो उंच झाला की पायांवर वाळूची पिशवी टाकल्याशिवाय सोडू नका. खाली मुलं उभी असतात. यात तडजोड नाही.

दर कसा लावायचा? माझा हिशोब असा: माईकच्या खरेदी किमतीच्या साधारण ४ टक्के, एका कार्यक्रमाला. ३०,००० रुपयांची जोडी असेल तर १,२०० रुपये. पंचवीस कार्यक्रमांत किंमत वसूल होते, पुढचं उत्पन्न दुरुस्ती आणि नव्या खरेदीला. स्टँड, केबल, टेम्पो आणि माणसाची मजुरी वेगळी लिहायची, म्हणजे गिऱ्हाईकाला कळतं की पैसे कशाचे आहेत. दिवस मोजायचा तो संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. डिपॉझिट घ्याच, ओळखीच्यांकडूनही. मागताना जड जातं, पण नुकसान झाल्यावर मागणं त्याहून जड जातं. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, तिथे आपल्या हिशोबनिसाला विचारा.

चलनावर प्रत्येक वस्तू मोजून लिहा आणि गिऱ्हाईकासमोर प्रत्येक माईक बोलून दाखवा. त्याने सही करावी, तुम्ही पेटीचा उघडा फोटो काढावा. परत येताना हेच पुन्हा, आणि डिपॉझिट त्यानंतर. जाळी चेपली तर जाळीची किंमत, पडदा गेला तर माईकची. हे चलनाच्या मागे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं असावं. माईक पाण्यात भिजला तर आधी फोन करा, चालू करून बघू नका, हेही तिथेच लिहा.

२० डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत शेवटचा संच कधीच देऊ नका. तो राखीव ठेवा. रात्री नऊला एखाद्या मंडळाचा फोन येतो की माईक बंद पडला, आणि तेव्हा धावून जाता आलं पाहिजे.

परवानगी

लाउडस्पीकरसाठी पोलिसांची लेखी परवानगी आयोजकांनी काढायची, पण तिची प्रत आपल्या माणसाच्या खिशात हवी. ध्वनी प्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणाच्या ठरावीक दिवशी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. नाताळच्या रात्रीची मिस्सा मैदानात असेल तर त्या वर्षीच्या यादीत तो दिवस आहे का ते आयोजकांनी आधी बघावं. नसेल तर वेळ अलीकडे घ्यावी किंवा कार्यक्रम आत घ्यावा. दहा वाजता आवाज बंद करायचा आहे हे मी चलनावरच लिहितो.

परत आल्यावर

हातात धरलेल्या एसएम५८ ची जाळी फिरवली की निघते. ती साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. आतला फोम काळा पडला असेल तर बदला. हा माईक उद्या दुसऱ्या कोणाच्या ओठांशी जाणार आहे. कंडेन्सरला पाणी लावायचं नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसायचं. केबल कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पीळ खाऊन तुटते. तिला मोकळी वेटोळी घालायची, एक सुलट, एक उलट.

मग वही. प्रत्येक गायनमंडळासाठी माझ्याकडे एक पान आहे. गायक किती, रांगा किती, माईक कुठे होते त्याचा हाताने काढलेला आराखडा, स्टँडची उंची, शिट्टी कुठल्या सुरावर आली, पंख्याचं बटण कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे असते. त्या वह्या गोळा करणाऱ्या बाईंचं पानही त्यात आहे. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा बोलावलं होतं, अठ्ठावीसचे तेहेतीस गायक झाले होते. त्या पानावर लिहिलं आहे: तीन माईक, नऊ फूट अंतर, उंची साडेआठ फूट, तबला उजवीकडे, पंखे बंद.